संतग्रंथांचा डिजिटल अभ्यास: वर्गणी भरावी की पुस्तक विकत घ्यावं?

ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, दासबोध किंवा एकनाथी भागवत मोबाइलवर, टॅबवर वाचायला सुरुवात करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न पैशांचा असतो. महिन्याची वर्गणी घेऊन हजारो पुस्तकं खुली करणाऱ्या सेवा आहेत. एकेक ई-पुस्तक विकणारी दुकानंही आहेत. शिवाय या ग्रंथांपैकी बरेच काही फुकट आणि पूर्णपणे कायदेशीर मिळतं, याची अनेकांना कल्पना नसते. त्यामुळे लोक आधी वर्गणी भरतात आणि आपला ग्रंथ त्या यादीत आहे की नाही हे नंतर शोधतात.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. जो ग्रंथ रोज उघडायचा आहे तो वर्गणीवर ठेवू नये. त्याची फाईल किंवा छापील प्रत आपल्या हातात असावी. एकदा वाचून बाजूला ठेवायचं किंवा ऐकायचं जे असेल, त्यासाठी वर्गणी उत्तम. कोणता ग्रंथ कुठल्या बाजूला जातो, हे पुढच्या पायऱ्यांनी ठरवता येईल.

पायरी १: पैसे भरण्याआधी वाचनाचा वेग मोजा

वर्गणीचं गणित भरभर वाचणाऱ्यासाठी मांडलेलं असतं. महिन्याला चार-पाच कादंबऱ्या संपवणाऱ्याला ती स्वस्त पडते. संतग्रंथ असे वाचले जात नाहीत.

ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतीत ९,०३३ ओव्या आहेत. अर्थ पाहत, थांबत रोज २५ ओव्या वाचल्या तर एक आवर्तन पुरं व्हायला वर्ष लागतं. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकी १० समास. रोज एक समास घेतला तर २०० दिवस, म्हणजे साडेसहा महिने. तुकोबांच्या शासकीय (सरकारने छापलेल्या) गाथेत ४,६०७ अभंग आहेत. रोज दहा अभंग म्हटले तरी सव्वा वर्ष जातं. एकनाथी भागवताचे ३१ अध्याय आणि अठरा हजारांहून जास्त ओव्या. रोज ५० ओव्यांच्या नेमानेही वर्ष उलटतं. आणि यातला कुठलाही ग्रंथ एका आवर्तनात संपत नाही. खरा अभ्यास दुसऱ्या वाचनापासून सुरू होतो.

आता हिशोब करा. समजा वर्गणी महिना १५० रुपये आणि तुम्हाला हवी ती सार्थ (अर्थासह छापलेल्या) ज्ञानेश्वरीची ई-प्रत ४०० रुपयांना आहे. हे आकडे समजण्यापुरते आहेत. घेताना त्या दिवशीचे भाव घाला. तिसऱ्या महिन्यातच वर्गणीचे ४५० रुपये होऊन ते पुस्तकाच्या किमतीपुढे जातात. वर्षाअखेरीस १,८०० रुपये खर्च होतात आणि वर्गणी थांबवताच ग्रंथ बंद होतो. नियम सोपा आहे: पुस्तकाच्या किमतीला महिन्याच्या वर्गणीने भागा. जे उत्तर येईल त्यापेक्षा जास्त महिने तुम्ही त्या ग्रंथासोबत राहणार असाल, तर विकत घ्या.

एका महिन्यात पाच-सहा वेगवेगळी पुस्तकं चाळायची असतील तर हेच गणित उलटं फिरतं. त्याबद्दल पुढे.

पायरी २: मूळ ग्रंथासाठी पैसे देऊ नका

मूळ ओव्या आणि अभंग सगळ्यांचे आहेत. त्यांवर आज कुणाचा प्रताधिकार नाही. हक्क असतो तो अर्थ, टीका, प्रस्तावना, भाषांतर लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं हा हक्क टिकतो. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी हीच साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

हा नियम आपल्या ग्रंथांना लावून पाहा. लोकमान्य टिळक आणि विष्णुबुवा जोग दोघेही १९२० साली गेले, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली. त्यांचं लेखन आणि संपादन केव्हाच मुक्त झालं आहे. समर्थ वाङ्मयाचे धुळ्याचे संपादक शंकर श्रीकृष्ण देव १९५८ साली गेले, त्यामुळे त्यांचं काम १ जानेवारी २०१९ पासून खुलं आहे. सोनोपंत दांडेकरांचं निधन १९६८ चं. त्यांच्या सार्थ ज्ञानेश्वरीतल्या अर्थावर ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हक्क आहे. विनोबा १९८२ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाला २०४२ च्या अखेरपर्यंत थांबावं लागेल. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांवर दांडेकरांच्या प्रतीच्या पीडीएफ फिरत असतात. त्या अनधिकृत आहेत, आणि मोठे धार्मिक ग्रंथ नेटाने छापत राहणाऱ्या मराठी प्रकाशकांचं त्यात थेट नुकसान आहे. ती प्रत हवी असेल तर विकतच घ्यावी.

मुक्त ग्रंथ मिळण्याची ठिकाणं थोडक्यात अशी. मराठी विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी, गाथा यांचा टंकलिखित मजकूर आहे. तो शोधता येतो, उतरवून घेता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची अनेक प्रकाशनं पीडीएफ रूपात विनामूल्य ठेवलेली आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तकं मोठ्या संख्येने आहेत.

आर्काइव्हवर दोन तऱ्हेच्या नोंदी दिसतात. काही पुस्तकं सरळ उतरवून घेता येतात, काही फक्त ठरावीक मुदतीसाठी उसनी मिळतात. उसनं पुस्तक हाही एका अर्थी वर्गणीचाच भाऊ: मुदत संपली की बंद. अमेरिकन प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यामुळे आर्काइव्हला पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली, आणि ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ते संकेतस्थळ काही दिवस बंदच होतं. म्हणून मुक्त ग्रंथ सापडला की त्याच दिवशी फाईल उतरवा, तिला ओळखता येईल असं नाव द्या (ग्रंथ, संपादक, वर्ष), आणि दोन ठिकाणी ठेवा: एक फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. फक्त दुव्याची खूण करून ठेवणं पुरेसं नाही.

पायरी ३: प्रत तपासा

फुकट असो वा विकतची, इथे घाई केली तर पुढचं वर्ष चुकीच्या मजकुरावर जातं. मोबाइल ॲपमधल्या ज्ञानेश्वऱ्या बहुतेक वेळा कुणीतरी टंकलेल्या एकाच मजकुराच्या नकला असतात आणि एकाची चूक सगळीकडे पसरलेली असते.

आधी संख्या पाहा. प्रचलित प्रतीत नवव्या अध्यायात ५३५, बाराव्यात २४७ आणि अठराव्यात सुमारे १,८१० ओव्या असतात. एकदोन ओव्यांचा फरक पाठभेदाचा, म्हणजे वेगवेगळ्या पोथ्यांतल्या मजकुराच्या फरकाचा, असू शकतो. पंचवीस-तीसचा फरक पडला तर मजकूर गळाला आहे असं समजा. दासबोधात तपासणी आणखी सोपी: वीस दशक, प्रत्येकात बरोबर दहा समास, एकूण ७,७५१ ओव्या. मनाचे श्लोक २०५. पसायदानाच्या नऊ ओव्या मोजा. एखाद्या ॲपमध्ये शेवटच्या दोन नसतात, कारण गाऊन म्हणताना त्या कधी कधी सोडल्या जातात.

मग आवृत्ती पाहा. ज्ञानेश्वरीच्या पाठांची एक परंपरा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) केलेल्या शुद्धीकरणापर्यंत जाते. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत त्याहून जुन्या पोथीवर आधारलेली असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. तिच्यात ओव्या कमी, सुमारे ८,९००, आणि भाषेचं रूपही जुनं आहे. नवख्याने राजवाडे प्रतीपासून सुरुवात करू नये, असं आम्ही स्पष्ट सांगू. प्रवचनं, सप्ताह, पाठशाळा यांत जो पाठ चालतो तो वेगळा असल्यामुळे रोज ओवी-क्रमांक जुळत नाहीत आणि माणूस कंटाळतो. ती प्रत दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात पाठभेद पाहायला घ्या.

गाथेतही हीच काळजी हवी. शासकीय गाथेचा मूळ आधार इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ ते १८७३ दरम्यान काढलेली प्रत. विष्णुबुवा जोग महाराजांच्या प्रतीतली अभंगसंख्या आणि क्रम वेगळा, देहूच्या प्रतीतला आणखी वेगळा. कीर्तनकार प्रमाण, म्हणजे आधाराचा अभंग, देताना क्रमांक सांगत नाहीत, चरण सांगतात. त्यामुळे तुमच्या प्रतीत पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची आहे का हे नक्की बघा. सूची नसलेली गाथा अभ्यासाला निम्मीच उपयोगी. गुरुचरित्राच्या प्रतींत अध्यायसंख्या ५१ पासून ५३ पर्यंत वेगवेगळी दिसते, म्हणून पारायणाला बसण्याआधी आपल्या घरच्या किंवा गुरुपरंपरेच्या पोथीशी अध्याय ताडून घ्या.

तिसरी तपासणी शोधाची, म्हणजे सर्चची. डिजिटल ग्रंथाचा सगळा फायदा त्यातच आहे, आणि मराठीत नेमकं तिथेच बिघडतं.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. त्यात अक्षरं दिसतात, पण शोध लागत नाही. पानावरच्या एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही तर ती फक्त चित्रं आहेत. शब्द निवडला गेला पण दुसरीकडे चिकटवल्यावर भलतीच चिन्हं उमटली, तर फाईल युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारखी चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये बनवलेली आहे. तीही शोधाला निकामी. चित्रांची पीडीएफ गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर ओळखला जातो, मात्र फाईल लहान असावी लागते, दोन एमबीच्या आत. म्हणून एकेक अध्याय वेगळा काढून करा. जुन्या छपाईतले अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतात. हा मजकूर शोधापुरता वापरा, पाठासाठी नाही.

फाईल युनिकोडमध्ये असली तरी दोन अडचणी उरतात. पहिली अनुस्वाराची: एका प्रतीत ‘विश्वात्मकें’, दुसरीत ‘विश्वात्मके’. म्हणून शेवटचा प्रत्यय सोडून ‘विश्वात्मक’ एवढंच शोधा. दुसरी अडचण ‘ऱ्ह’, ‘ऱ्या’ यांतल्या अर्ध्या रची. संगणकात तो दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. ‘मऱ्हाठ’ शोधून काहीच सापडलं नाही, तर ‘हाठ’ शोधा. नवीन पुस्तक हाती आल्यावर ग्रंथात नक्की असलेले तीन शब्द शोधून पाहायला दोन मिनिटं लागतात. त्यावरून पुढची वर्षभराची सोय-गैरसोय कळते.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनमध्ये पानं गळालेली, दोनदा आलेली किंवा कडेला कापलेली असतात. शीर्षकपान, शेवटचं पान आणि मधली दहा-बारा पानं उघडून छापील पृष्ठांक सलग आहेत का ते पाहा. एकाच ग्रंथाचे दोन-तीन स्कॅन असतील तर सगळे उतरवा.

पायरी ४: सार्थ प्रत किंवा टीका विकत घेताना

मूळ फुकट मिळालं तरी नवख्याला अर्थाची प्रत लागतेच. सातशे वर्षांपूर्वीची मराठी नुसत्या सरावाने उलगडत नाही. पैसे खर्च करायची जागा ही.

‘विकत घ्या’ हे बटण दाबल्यावर नेमकं काय मिळतं ते आधी समजून घ्या. बहुतेक दुकानं ग्रंथ वाचण्याचा परवाना देतात, मालकी देत नाहीत. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या घोळामुळे ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली, पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपा लिहिल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर देण्यात आले. टिपा मात्र गेल्या. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोयही ॲमेझॉनने बंद केली. तरीही आम्ही परवान्याच्या खरेदीला वर्गणीपेक्षा वरचं स्थान देतो, कारण दुकान चालू असेपर्यंत तो ग्रंथ दरमहा पैसे न भरता उघडतो.

दुकानादुकानांत फरक आहे. बुकगंगावर मराठी पुस्तकांची निवड मोठी आहे, पण तिथली ई-पुस्तकं त्यांच्या ॲपमध्ये वाचायची असतात. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून रीतसर आली. गुगल प्ले बुक्समध्ये प्रकाशकाने परवानगी दिली असेल तर विकत घेतलेली फाईल ईपब किंवा पीडीएफ रूपात बाहेर काढता येते. काही प्रकाशक आणि संस्था थेट कुलूप नसलेली पीडीएफ विकतात. ती मिळत असेल तर थोडी महाग असली तरी तीच घ्या.

घेण्याआधी नमुना उतरवा. मोठ्या ग्रंथाच्या नमुन्यात बहुधा प्रस्तावनाच असते, तरी तेवढ्यातून चार गोष्टी कळतात. अनुक्रमणिकेतल्या अध्यायावर बोट ठेवलं की थेट तिथे जाता येतं का? अक्षर मोठं करता येतं का? येत नसेल तर ती छापील पानांची प्रतिमा आहे, सहा इंची पडद्यावर डोळे दुखतील आणि दहा इंची टॅबच लागेल. ओव्यांना क्रमांक आहेत का? आणि संपादकाचं नाव, मूळ प्रतीचं नाव कुठे दिलं आहे का? ‘संपूर्ण सार्थ’ असं मुखपृष्ठावर लिहून दीडशे पानांत संपणारी ज्ञानेश्वरी संपूर्ण असूच शकत नाही. अर्थासह ती छापली तर सात-आठशे पानांच्या पुढे जाते. पृष्ठसंख्या विक्रीच्या पानावर दिलेली असते, ती वाचा. चुकून भलतीच प्रत घेतली गेली तर किंडलवर सात दिवसांत परत करता येते.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ई-पुस्तकांवर आहे. त्यामुळे जाडजूड सार्थ ग्रंथांच्या बाबतीत छापील आणि डिजिटल किमतीत कधी कधी फारसा फरक उरत नाही. अशा वेळी आमचा सल्ला: मुख्य ग्रंथाची सार्थ प्रत छापील घ्या, आणि शोधासाठी मूळ ग्रंथाची मुक्त फाईल फोनमध्ये ठेवा. ही जोडी सर्वांत टिकाऊ. छापील प्रत मुलानातवंडांना देता येते. खात्यातला परवाना बहुतेक दुकानांच्या अटींनुसार दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. याच कारणाने घरातल्या ज्येष्ठांसाठी पुस्तकं घेताना ती मुलाच्या किंवा भाच्याच्या ईमेलवर न घेता त्यांच्या स्वतःच्या खात्यावर घ्यावीत. फोन बदलला, भाचा परगावी गेला, पासवर्ड हरवला, की वाचन थांबतं.

शब्दार्थासाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश दोन्ही विनामूल्य शोधता येतात. दुसरा कोश ज्ञानेश्वरी-लीळाचरित्राच्या काळातल्या मराठीसाठीच आहे. अर्थ इंग्रजीत दिलेले असले तरी ‘कवतिक’, ‘व्यंकटी’ अशा शब्दांवर अडलेल्याला तो लगेच मोकळं करतो.

पायरी ५: वर्गणी कुठे खरंच कामाची

एक महिना वर्गणी भरून निवड करणं, हा तिचा आमच्या मते सर्वांत चांगला उपयोग. यादीत तीन-चार सार्थ प्रती असतील तर बाराव्या अध्यायातल्या त्याच दहा ओव्या प्रत्येक प्रतीत वाचा. कुणी शब्दशः अर्थ देतो, कुणी प्रवचनाच्या अंगाने फुलवतो, कुणी वेदान्ताच्या परिभाषेत सांगतो. तुम्हाला जो उमजतो तो विकत घ्या आणि वर्गणी थांबवा.

ऐकण्यासाठीही वर्गणी योग्य. प्रवचनमाला, संतचरित्रं, संतांवरच्या कादंबऱ्या एकदा ऐकल्या-वाचल्या की पुष्कळ होतं. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओचा साठा बराच वाढला आहे. प्रवासात, स्वयंपाक करताना ऐकणाऱ्याला त्यात भरपूर मिळेल.

मात्र पैसे भरण्याआधी ही चाचणी कराच. तुम्हाला येत्या सहा महिन्यांत लागणाऱ्या सहा ग्रंथांची नावं संपादकासह कागदावर लिहा. त्या सेवेच्या यादीत एकेक शोधा. वर्गणी न भरताही शोध चालतो. पुस्तकाच्या पानावर ते वर्गणीत समाविष्ट असल्याची खूण आहे की ते तिथे नुसतं विकायला आहे, हे नीट पाहा. नवखे इथे हमखास फसतात: दुकानात पुस्तक दिसतं, म्हणून वर्गणीत असेल असं धरून चालतात. सहापैकी तीनही मिळाले नाहीत तर ती वर्गणी तुमच्या अभ्यासाची नाही. पुस्तकं यादीतून न कळवता निघूही शकतात, त्यामुळे वर्षाची वर्गणी एकदम भरण्याचा मोह पहिल्या तीन महिन्यांत टाळा.

पारायणाच्या सप्ताहात वर्गणीच्या प्रतीवर अवलंबून राहू नये. काही ॲप मधूनमधून इंटरनेटला जोडून वर्गणी चालू आहे का ते तपासतात; आळंदीला वारीच्या गर्दीत किंवा गावाकडच्या मंदिरात नेटवर्क नसलं की पान उघडत नाही. आदल्या दिवशी फोन विमान मोडवर टाकून ग्रंथ पहिल्यापासून शेवटच्या अध्यायापर्यंत उघडतो का ते पाहा. कीर्तनकाराला तर मांडवात काही सेकंदांत प्रमाण शोधावं लागतं. त्याची गाथा फोनमधल्या फाईलमध्येच हवी.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. महाविद्यालयामार्फत एन-लिस्टसारख्या योजनेतून मिळणारी ई-पुस्तकं तुम्ही तिथे शिकत असेपर्यंतच उघडतात. प्रबंधाच्या टिपा त्या मुदतीतच काढून घ्या.

पायरी ६: टिपा ॲपच्या बाहेर ठेवा

ग्रंथ पुन्हा मिळतो, दुसरीकडून आणता येतो. तीन वर्षं लिहिलेल्या टिपा गेल्या तर त्या परत लिहिता येत नाहीत.

वर्गणीतलं पुस्तक परत केल्यावर किंडल तुमच्या खुणा खात्यात जपून ठेवतं आणि तेच पुस्तक पुन्हा घेतलं की त्या दिसतात. पण त्याच ग्रंथाची दुसरी आवृत्ती घेतली तर त्या तिथे येत नाहीत. शिवाय प्रकाशकाने घातलेली एक मर्यादा असते, अनेक पुस्तकांत एकूण मजकुराच्या दहा टक्के. तेवढ्यापलीकडे रंगवलेला मजकूर बाहेर काढताना अर्धवट कापला जातो. सार्थ ज्ञानेश्वरीत ओवी आणि अर्थ दोन्ही रंगवत गेलात तर ही मर्यादा दोन-तीन अध्यायांतच गाठली जाईल. म्हणून ओवी रंगवा, अर्थ रंगवू नका.

टिपांसाठी साधी वही किंवा एक तक्ता पुरतो. रकाने सहा: ग्रंथ, आवृत्ती, स्थळ (अध्याय आणि ओवी, किंवा दशक-समास-ओवी), पहिला चरण, आपली टीप, तारीख. यांतला पहिला चरण कधीही गाळू नका. क्रमांक प्रतीप्रतींत बदलतात, गाथेत तर शेकड्यांनी. चरण लिहिलेला असेल तर उद्या कुठलीही प्रत हातात आली तरी जागा सापडते. ॲपमधल्या खुणा महिन्यातून एकदा, अमावास्या-पौर्णिमा अशी लक्षात राहणारी तिथी ठरवून, या तक्त्यात उतरवा. वर्गणी बंद करण्याच्या आधी तर नक्कीच.

पायरी ७: वर्गणी थांबवण्याची रीत

ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. पैसे कापले जातच राहतात. जिथून भरली तिथूनच ती रद्द करावी लागते: प्ले स्टोअरमधून भरली असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये, यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर त्या यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात, कार्डाने भरली असेल तर सेवेच्या संकेतस्थळावर आणि गरज पडल्यास बँकेच्या ॲपमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप वसुली होण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला संदेश यावा लागतो. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. मोफत चाचणी-महिना घेतला असेल तर संपण्याच्या तीन दिवस आधीचा गजर त्याच दिवशी लावून ठेवा. रद्द केल्यावर बहुतेक सेवा भरलेल्या महिन्याअखेरपर्यंत चालू राहतात, तेवढ्या दिवसांत टिपा उतरवून होतात.

परदेशात राहणाऱ्यांनी खात्याचा देश बदलण्याआधी थांबावं. विकत घेतलेली पुस्तकं सहसा खात्यात राहतात, पण वर्गणी त्या त्या देशाच्या दुकानाशी बांधलेली असते. ती बंद होते आणि नव्या देशाच्या यादीत तेच मराठी पुस्तक असेलच असं नाही. पुणे सोडून न्यू जर्सीला किंवा दुबईला जाणाऱ्याने आधी टिपा बाहेर काढाव्यात, मुक्त ग्रंथांच्या फाईली सोबत घ्याव्यात, आणि नित्यपाठाची छापील पोथी हातातल्या पिशवीत ठेवावी, चेक-इनच्या सामानात नको.